दादांची पकड

दादांच्या पहिल्या स्मृतिदिनाचे कार्ड छापायला आम्ही तिघे भावंडे गेलो, तेव्हा छापखान्यातल्या मुलाने विचारले, "फोटोखाली काय टाकायचं? धम्मउपासक, समाजसेवक, कुटुंबवत्सल, क्रीडाप्रेमी... यातलं काय काय?" शब्द त्याच्याजवळ तयारच होते. शेवटचे दोन टाक, असे आम्ही सांगितले. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "टीव्हीवर मॅच बघत लोळणाऱ्यालाही क्रीडाप्रेमीच म्हणतात की रे!" तिचे खरे होते. कार्डावर दोन शब्दांपुरतीच जागा होती. उरलेले इथे सांगतो आहोत.

आमच्या घरात वडिलांना 'बाबा' म्हणायची रीत नव्हती. बाबा एकच, ते भिंतीवर. वडील ते दादा. मैदानावर मात्र त्यांना दादाही कोणी म्हणत नसे आणि नावानेही हाक मारत नसे. तिथे त्यांचे नाव होते 'कोपरा'. कबड्डीत ते डावा कोपरा सांभाळत. आई वाण्याकडे गेली की वाणी विचारी, "कोपऱ्याच्या घरचं का?" आणि उधारीच्या वहीतही तसेच लिही.

ज्यांनी कबड्डी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. या खेळात नाव होते ते चढाई करणाऱ्याचे. तो एकटा जातो, दम घुमवतो, गडी मारून परत येतो, लोक शिट्ट्या वाजवतात. कोपऱ्यावरचा गडी शेवटच्या रेषेजवळ वाकून उभा असतो. त्याने पुढे धावायचे नाही, ओरडायचे नाही. चढाईवाल्याचा पाय एकदा, एखाद्या निमिषापुरता त्याच्या हाताजवळ येतो. तेवढ्यात घोटा धरायचा आणि धरला की सोडायचा नाही, तोंडावर लाथ बसली तरी. दादांचे पुढचे दोन दात तसेच गेले होते. "बाकीचे सहा जण येऊन पडेपर्यंत धरून ठेवायचं, एवढंच कोपऱ्याचं काम," असे ते सांगत. दादा डावखुरे होते. जेवण उजव्या हाताने, सही उजव्या हाताने, पण धरायचे काही आले की डावा हात आपोआप पुढे येई.

हा डावा हात आम्हाला सकाळी भेटत असे. वरळीच्या बीडीडी चाळीतली आमची खोली एकशे साठ चौरस फुटांची. आई-दादा, आम्ही तिघे, आजी, आणि गावाहून आलेले कोणी ना कोणी. रातपाळी करून दादा सकाळी घरी येत तेव्हा आम्ही ओळीने झोपलेले असू. ते हाका मारत नसत. ज्याला उठवायचे त्याचा घोटा धरत. कितीही झटका, सुटका नाही. "दम संपला, उठा!" म्हणत. आमच्या मुलांनाही त्यांनी असेच उठवले. आज आम्ही साठीच्या आसपासची माणसे, पण पहाटे पायाला चादर गुंडाळली गेली तरी जाग येते.

दादांचा जन्म १९४० सालचा, कराडजवळच्या एका खेड्यातला. तिथे खेळ म्हणजे कुस्ती. गावात तालीम होती, तालमीत तेल, ताक, हळद घालून मळलेली लाल माती होती, आणि त्या मातीत आपल्या वस्तीतल्या पोरांनी पाय ठेवायचा नव्हता. कुस्तीत अंगाला अंग लागते, हेच कारण. दादा आणि त्यांच्या वयाची चार पोरे कृष्णेच्या वाळूत कुस्त्या खेळत. वाळूने अंग सोलून निघे. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीहून ऑलिम्पिकचे कांस्यपदक घेऊन आले आणि कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, तेव्हा दादा बारा वर्षांचे होते. ते गाड्यांच्या मागून धुळीत पळत गेले. खाशाबा दिसले का, असे आम्ही विचारले की म्हणत, "बैलांच्या शेपट्या दिसल्या. पण पळालो तर खरं." पदक आणणारा माणूस किती लहान चणीचा होता, हे त्यांनी पुढे फोटोत पाहिले आणि त्याचे त्यांना फार कौतुक वाटले.

१९५६ नंतर आजोबांनी गावकीची कामे टाकली. गावाने बोलणे टाकले. १९५९ साली दादा चुलत्यांबरोबर मुंबईला आले आणि बदलीवर गिरणीत लागले. चुलते सूत कातायच्या खात्यात, म्हणून दादाही त्याच खात्यात. विणाई खात्यात पगार जास्त असे, पण तिथे पूर्वीपासून आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे. आपल्या माणसाच्या ओठाला लागलेला धोटा दुसऱ्याने तोंडात कसा घ्यावा? १९२८ सालच्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहे. दादा आले तोवर तीस वर्षे उलटली होती. तरी चुलते ज्या खात्यात, पुतण्याही त्याच खात्यात, ही चाकोरी मोडली नव्हती.

आणि अशा या मुलाला पहिल्याच आठवड्यात जांबोरी मैदानावर कबड्डी दिसली. सात जण एकमेकांचे हात धरून साखळी करून उभे. चढाईवाला येतो, सातही जण त्याच्या अंगावर पडतात, धूळ, घाम, कोणाचा पाय कोणाच्या तोंडावर. दादा सांगत, "मी रेषेबाहेर उभा राहून नुसता बघत होतो. कोणी विचारलं नाही की कुठल्या चाळीतला, कुठल्या गावचा. एक गडी कमी होता. 'ए पोरा, येतो का?' म्हणाले. बस्स." पुढची वीस वर्षे ते त्या रेषेच्या आत होते.

घरी जी गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगत, ती मात्र क्रिकेटची. बाळू पालवणकर आणि त्यांच्या भावांची. ही गोष्ट त्यांनी चाळीतल्या म्हाताऱ्यांकडून ऐकली होती, नंतर सापडेल तिथून वाचलीही. चर्मकार समाजातला हा मुलगा पुण्यात आधी पारशी लोकांच्या आणि मग गोऱ्या साहेबांच्या क्लबात मैदान झाडायला, रोलर ओढायला होता. पगार महिना तीन-चार रुपये. नेटमध्ये साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता तो असा काही डावखुरा फिरकी गोलंदाज झाला की हिंदूंच्या संघाला त्याला घेतल्यावाचून गत्यंतर राहिले नाही. घेतले, पण चहा मात्र त्याला बाहेर, मातीच्या भांड्यात. इथे आले की दादा हातातला चहाचा कप खाली ठेवत. दरवेळी. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात बाळूंनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्याकडे कधी आले नाही. १९२० साली त्यांना वगळले तेव्हा शिवराम आणि विठ्ठल हे धाकटे भाऊ संघातून बाहेर पडले; मग बाळूंना उपकर्णधार करून समेट झाला. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. "भाऊ बाहेर पडले, हे नीट ध्यानात ठेवा," असे दादा आम्हाला बजावत. मग आमची मारामारी चाललेली असली तर ती थांबे. निदान त्या रात्रीपुरती.

या गोष्टीवरून आमच्या खोलीत एकदा मोठे भांडण झाले होते. मामा आले होते. मामा जुने शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचे कार्यकर्ते. ते ताडकन उठले. "त्याचं नाव या घरात काढू नका. १९३७ ला बाबासाहेबांच्या विरुद्ध उभा होता तो. काँग्रेसनं उभा केला आणि हा राहिला!" गोष्ट खरी होती. सुमारे दोन हजार मतांनी बाबासाहेब निवडून आले आणि पालवणकर हरले. पुणे कराराच्या वेळीही ते दुसऱ्या बाजूला होते. दादांनी यातले काही नाकारले नाही. ते म्हणाले, "दाजी, बाबासाहेबांना तरुणपणी ह्याच माणसाचा अभिमान वाटत होता. त्याच्या सत्कारासाठी ते स्वतः पुढं झाले होते. मी तेव्हा असतो तर मत बाबासाहेबांनाच टाकलं असतं. पण टाळी बाळूला वाजवली असती. मत आणि टाळी एकाच हातानं द्यावी लागत नाही." मामा जेवले नाहीत. पाणी पिऊन गेले. महिन्याने आले तेव्हा त्यांनीच विषय काढला, "तो विठ्ठल कर्णधार झाला म्हणालास, त्या साली जिंकले का?" जिंकले होते.

आमच्या मते मामांचा राग रास्त होता, आणि दादांचे म्हणणेही रास्त होते. दोन्ही एका खोलीत मावले, हे त्या खोलीचे मोठेपण.

क्रिकेटमध्ये दादांचा दुसरा लाडका म्हणजे एकनाथ सोलकर. गावसकर नाही, वाडेकर नाही, सोलकर. त्याला कारण होते. सोलकरांचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करीत आणि हा मुलगा तिथेच वाढला. ज्या जिमखान्याकडून बाळू खेळले तोच हा जिमखाना. दुसरे कारण खास दादांचे. सोलकर फलंदाजाच्या पुढ्यात, अगदी बॅटखाली वाकून उभा राहायचा, डोक्यावर काही नाही, आणि चेंडू बॅटला लागून जमिनीकडे निघाला की मधल्यामध्ये धरायचा. सत्तावीस कसोटींत त्रेपन्न झेल. "हा आमच्यातला. कोपरा आहे हा," दादा म्हणत. १९७१ साली ओव्हलवर त्याने ॲलन नॉटचा झेल घेतला तेव्हा आमचा थोरला सहा वर्षांचा होता. दादांनी रेडिओपुढे जमिनीवर सूर मारला आणि पाण्याचा तांब्या कलंडला, हे त्याला अजून आठवते. आई म्हणाली, "झेल त्यानं घेतला ना? मग तुम्ही का पडलात?"

आईचे आणि मैदानाचे फारसे सख्य नव्हते. "माझी सवत म्हणजे ते मैदान," असे ती चारचौघींत म्हणे. रविवारी सामना असला की घरातली कामे तिच्यावर पडत. मातीने भरलेल्या बनियनी तिने धुवायच्या. मंडळाच्या वर्गणीसाठी दादांनी एकदा रेशनच्या पैशांना हात लावला होता, तेव्हा आजीने आईची बाजू घेऊन त्यांना दोन दिवस बोलायचे बंद केले. आमच्या ताईच्या जन्माच्या वेळीही दादा परळला सामना खेळत होते. सामना जिंकून ते कप घेऊनच दवाखान्यात आले. आईने तोंड फिरवले. हे सगळे कार्डावर येत नाही, पण ते होते.

मंडळाच्या सात गड्यांत चौघे आपले आणि तिघे समोरच्या चाळींतले मराठा. त्या तिघांतला एक चढाईला असा जाई की पोरे त्याला विजेचा खांब म्हणत. हात लावला की झटका. तो पुढे, दादा मागे, अशी जोडी होती. १९७४ चा जानेवारी आला. ५ तारखेला पँथरची सभा झाली आणि वरळी पेटली. १० तारखेला मोर्चात भागवत जाधव शहीद झाले. चाळींच्या गच्च्यांवरून दगड, सोडावॉटरच्या बाटल्या; खाली पोलिसांच्या लाठ्या. त्या काळाचे हिशेब मोठे आहेत, ते मांडायची ही जागा नव्हे. आम्हा मुलांना आठवते ते एवढेच की आई आम्हाला पलंगाखाली झोपवत असे आणि दादा दाराला पाठ लावून रात्रभर बसत.

त्या वर्षी मैदानावर एकही सामना झाला नाही. जिथे रेषा आखलेल्या असत तिथे काचा पडल्या होत्या. विजेच्या खांबाच्या सख्ख्या भावाला दगड लागला होता. आमच्या बाजूचीही डोकी फुटली होती. तो दादांना जिन्यात, रस्त्यात दिसे आणि तोंड वळवून जाई. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर एका रविवारी दादा एकटेच उठले. आईला न सांगता झाडू घेतला, पाटी घेतली, फक्कीची पिशवी घेतली आणि मैदानावर गेले. दोन तास काचा वेचल्या. मग फक्कीने रेषा आखल्या, मध्यरेषेपासून शेवटच्या रेषेपर्यंत, सगळ्या. आणि आपल्या कोपऱ्यावर जाऊन वाकून उभे राहिले. सगळ्या चाळींच्या गॅलऱ्यांतून लोक बघत होते, एक माणूस रिकाम्या मैदानात उभा आहे. आम्हाला लाज वाटत होती, हेही खरे. शेवटी खेळायला कोण आले? आम्हीच आलो. थोरला नि ताई. मग चाळीतली आणखी पोरे. दोन महिन्यांनी समोरच्या तिघांपैकी दोघे आले. विजेचा खांब आला नाही. तो गॅलरीत उभा राही, आत जाई, पुन्हा येऊन उभा राही. जुना संघ पुन्हा उभा राहिला नाही. दादा त्यानंतर पोरांना शिकवू लागले.

त्या पोरांत ताई होती, म्हणून पुढचे रामायण घडले. बारा-तेरा वर्षांची झाल्यावर आईने फर्मान काढले, "आता पुरे. पोरीच्या जातीनं आखूड चड्ड्या घालून मातीत लोळायचं नाही." दादांनी वाद घातला नाही. ते एवढेच म्हणाले, "एकदा बघायला ये. मग तू म्हणशील ते." आई आली. पदर कमरेला खोचून, जणू भांडायलाच. ताई चढाईला गेली आणि पलीकडच्या चार मुलींनी तिला धरून आपटली. आईने चप्पल काढली आणि "सोडा गं तिला!" म्हणत थेट रेषेच्या आत शिरली. पंचांनी शिट्टी वाजवली. दादा हसून हसून खाली बसले. नियमाप्रमाणे बाहेरचा माणूस मैदानात आला म्हणून खेळ थांबवावा लागला. आईला कोणीतरी समजावले, तिने खुर्चीवर बसून उरलेला सामना पाहिला. घरी आल्यावर ताईला म्हणाली, "तुझा दम फार लवकर तुटतो. रोज सकाळी मोज." आणि त्यानंतर स्टोव्हपुढे बसून तिचा दम आईच मोजू लागली.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार, डॉक्टर सामंतांच्या मागे. गिरणगावातल्या घरांना पुढचे सांगायला नको. पहिले दोन महिने उत्साहात गेले, मग उधारी बंद झाली. हंडा गेला, कळशी गेली, आजीच्या पाटल्या गेल्या. पावसाळ्यात एके दिवशी दादांनी फळीवरचे सातही कप पिशवीत भरले आणि बाहेर पडले. आम्ही तिघे बघत होतो. कोणी काही विचारले नाही. तासाभराने ते परत आले तेव्हा पिशवीत पाच कप होते आणि दादा हसत होते. असे हसत होते की त्यांना बोलता येईना. "अगं, दोनच पितळेचे निघाले! बाकीच्यांवर नुसता मुलामा! भंगारवाला म्हणतो, हे तूच ठेव. वीस वर्षं दात पाडून घेतले नि काय जिंकलं, तर डबडी!" आईही हसू लागली. त्या वर्षात ती दोघे एवढी मोकळी हसलेली आम्हाला दुसऱ्यांदा आठवत नाहीत. खोटे निघाले म्हणून ते पाच कप वाचले. एकात आई सुया-दोरे ठेवी, एकात सुट्टे पैसे.

संप कधी मागे घेतला असे कोणी सांगितलेच नाही. तो विरत गेला. दादांना गिरणीने परत घेतले नाही. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा माणूस. दादरला भाजीचा वाटा लावला, हमाली केली, मग एका इमारतीवर रात्रीचा वॉचमन झाले. गिरणीत हजार माणसांत असणारा माणूस रात्रभर एका स्टुलावर एकटा. त्या दिवसांत ते घरात फार कमी बोलत. २५ जून १९८३ च्या रात्री चाळीत एका खोलीत टीव्ही होता, तिथे शंभर माणसे दाराखिडक्यांना लोंबकळत होती. त्या सामन्याबद्दल सगळ्यांनी इतके लिहिले आहे की आम्ही वेगळे काय लिहावे! भारताच्या १८३, वेस्ट इंडीजच्या १४०. आम्ही टीव्हीकडे कमी आणि दादांकडे जास्त बघत होतो. कपिल देव मागे पळत जाऊन रिचर्ड्सचा झेल घेतो, तेव्हा दादांचा डावा हात आपोआप पुढे आला आणि मूठ मिटली. मग ते कामावर गेले. साडेदहाला पोहोचायचे होते, साडेबारा वाजले होते. दुसऱ्या दिवशी त्यांचा अर्धा पगार कापला गेला. "वसूल झाले," म्हणाले.

ताईने पुढे आंतरशालेय, मग जिल्ह्यापर्यंत कबड्डी खेळली. खेळाडू म्हणून एका सरकारी कचेरीत तिला नोकरी लागली. त्याच नोकरीवर धाकट्याचे शिक्षण झाले. नेमणुकीचे पत्र आले त्या दिवशी दादांनी ते तीन वेळा वाचून घेतले आणि विचारले, "यात कबड्डी हा शब्द लिहिलाय का? दाखव कुठे?" ताईने बोट ठेवून दाखवला. तो शब्द ते बराच वेळ बघत होते.

२०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली. पहिला सामना वरळीतच, आमच्या चाळीपासून पायी जाण्याच्या अंतरावर. थोरल्याने तिकिटे काढली. चौऱ्याहत्तर वर्षांचे दादा इस्त्रीचा सदरा घालून आले. वातानुकूलित सभागृह, रंगीत दिवे, खाली मॅट, खेळाडूंच्या पायांत बूट. दादा बराच वेळ गप्प. आम्हाला वाटले, नाराज झाले. मध्येच कोपऱ्यावरच्या गड्याने घोटा पकडला आणि दादा ओरडले, "धर! सोडू नको!" शेजारच्या खुर्चीतली मुले दचकली. घरी येताना त्यांना सांगितले की लिलावात सर्वांत जास्त भाव एका चढाई करणाऱ्याला मिळाला, १२ लाख ८० हजार. दादांनी पहिला प्रश्न केला, "आणि कोपऱ्याला किती?" मॅटबद्दल एवढेच म्हणाले, "माती नाही त्याचं वाईट वाटलं. पण गुडघे वाचतील पोरांचे." त्यांचे स्वतःचे दोन्ही गुडघे कधीच गेले होते.

२०२२ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. तोवर चाळ पुनर्विकासात रिकामी झाली होती आणि आम्ही संक्रमण शिबिरात होतो. पाच कप तिथेही आले. बोलणे अडखळू लागले, पण टीव्हीवर कबड्डी लागली की पलंगाजवळ बसलेल्या नातवाचे मनगट ते डाव्या हाताने धरत आणि सामना संपेपर्यंत धरून ठेवत. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणायची, "आजोबा, एवढा जोर तर मला पण नाही." नातू तक्रार करी, मनगटावर वळ उठत; पण हात काढून घेत नसे.

गेल्या वर्षी दादा गेले. अखेरच्या रात्री आई त्यांच्या उशाशी होती आणि आम्ही तिघे पायाशी.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, भंतेजींचे प्रवचन झाले, लोक जेवायला बसत होते. तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारा आला. सोबत त्याचा नातू. आम्ही ओळखले नाही, आईने ओळखले. विजेचा खांब. पन्नास वर्षांत तो आमच्या दारात आला नव्हता. त्याने फोटोला हात जोडले. "जयभीम वहिनी," म्हणाला आणि खाली बसला. पान वाढले तर नको म्हणाला नाही, जेवला. जेवता जेवता ताईला विचारले, "शेवटी शेवटी काय झालं होतं?"

"अर्धांग. एक बाजू गेली होती."

त्याने घास हातातच थांबवला. "कुठली?"

"उजवी."

"मग ठीक," तो म्हणाला, "धरायचा तो डाव्यानं."